विलायचीला लावलेली भर

मला शेतीतलं सगळं कळतं, हा माझा जुना आजार आहे. आमच्या ढाणकीकडे हळद लावणाऱ्या माणसांत तो थोडाफार असतोच, पण माझा जरा जास्त बळावला आहे. कोणाच्याही वावरात पाय ठेवला की मी आधी वाकून चिमूटभर माती उचलतो, दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो आणि मान हलवतो. त्या वासावरून मला आजवर काही म्हणजे काही समजलेलं नाही. पण समोरचा माणूस गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहू लागतो, आणि तेवढ्यासाठी मी ते करतो.

याच गुणावर आमच्या हळदवाल्यांच्या गटानं मला सिक्कीमच्या अभ्यास दौऱ्याला पाठवलं. निघताना बायको म्हणाली, "तिथं शिकवू नका लोकायले. शिकून या." मी हो म्हटलं आणि तिकडच्या पहिल्याच वावरात वाकून माती उचलली.

वावर म्हणायचं खरं, पण तो डोंगराचा उतार होता. आपण सपाट जमिनीवर चालणारी माणसं. मी त्या वावरात उतरलो तो बऱ्यापैकी बसूनच, आणि खाली पोचेपर्यंत पँटीची मागची बाजू कामी आली. वावराची मालकीण सत्तरीची बाई होती. ती त्याच वाटेनं पाठीवर टोपली घेऊन आली आणि मला हात देऊन उठवलं. तिला सगळे आमा, म्हणजे आई, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तिच्या हातांना धुराचा काळपट रंग चढलेला होता.

तिचं पीक म्हणजे मोठी विलायची. आपण मटणात, पुलावात टाकतो ती काळी, बोटाच्या पेराएवढी, धुराच्या वासाची. उंच झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या कडेला माणसाच्या उंचीची दाट बेटं उभी होती. लांब हिरवी पानं, एकाला एक बिलगलेले दांडे. मी पाहिलं आणि आमच्या गटाला मोठ्यानं सांगितलं, "ही आपल्या हळदीची बहीण आहे." दौऱ्यात आमच्यासोबत असलेले कृषी खात्याचे साहेब म्हणाले, बरोबर आहे, एकाच कुळातली आहे. झालं. एक गोष्ट बरोबर निघाली की माझ्यासारखा माणूस बाकीच्या विचारायच्या बंद करतो.

त्या आठवड्यात तोडणी संपलेली होती. विलायची भट्टीवर चढली होती. दगडमातीची भट्टी, खाली ओली लाकडं, वर पसरलेली फळं, आणि सगळ्या छपरात इतका धूर की आमच्यातले दोघे लगेच बाहेर पळाले. तोडणी कशी करतात, फळ कुठं धरतं, हे साहेब नीट समजावून सांगत होते. मला ते ऐकता आलं नाही, कारण मी मागं उभा राहून तिथल्याच दोन शेतकऱ्यांना हळद कशी शिजवावी हे सांगत होतो. त्यांच्याकडे कोणी हळद लावत नव्हतं. तरी ऐकत होते बिचारे.

आमाची विलायची गोलसाई जातीची. तिच्या सासूच्या सासूनं लावलेली, असं ती म्हणाली. आजूबाजूच्या वावरांत रोग आला होता. पानांवर पिवळ्या रेघा उमटतात, मग बेट खुजं होत जातं, फळ धरत नाही आणि शेवटी उपटून जाळावं लागतं. लोक बाहेरून नवी रोपं आणत होते. जुनी जात तिच्यासारख्या दोनचार घरीच उरली होती. निघताना तिनं एका निरोगी बेटातून मुळ्यांसकट एक फुटवा काढला, ओल्या शेवाळात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. तिचं हिंदी माझ्याइतकंच मोडकं. म्हणाली, "एक उधर भी रहे. इधर मर गया तो माँगेगा." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मांगना, आमा." मला इतकं भरून आलं होतं की चढताना दोनदा घसरलो.

नागपूरपर्यंत तो फुटवा माझ्या ओल्या टॉवेलमध्ये होता, आणि टॉवेल नसल्यामुळे मी दोन दिवस आंघोळ केली नाही. डब्यातल्या माणसांनी त्या त्यागाचं कौतुक केलं नाही.

घरामागं जांभळाच्या सावलीत, न्हाणीचं पाणी जातं तिथं मी तो लावला. बाजूला केळी होती. वर हिरवी जाळी बांधली. हिवाळा बरा गेला. मग आमचा उन्हाळा आला. वैशाखात आमच्याकडे पत्र्यावर पापड भाजतील असं ऊन पडतं, आणि झाड बर्फाळ डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेलं. मी विचार केला आणि घरातला कूलर मागच्या खिडकीत उलटा बसवला, तोंड बाहेर.

आमच्या घरात कूलर एकच आहे. त्या उन्हाळ्यात बायको आणि मी गच्चीवर झोपलो. दुपारी ती ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन स्वयंपाक करायची आणि खिडकीतून झाडाकडे पाहायची. एकदा तिचा भाऊ आला. घामाघूम होऊन त्यानं विचारलं, "कूलर बंद हाय का?" बायको म्हणाली, "चालू हाय ना. पावन्याकडं लावेल हाय." तो स्वतःलाच पाहुणा समजून दहा मिनिटं हवेची वाट पाहत बसला.

पण झाड जगलं. नुसतं जगलं नाही, फुटलं. आणि याचं श्रेय मी कूलरला दिलं नाही. ते दिलं भर लावण्याला.

हळदीत सगळी संपत्ती जमिनीखाली असते. कंद उघडा पडला की वाया गेला. म्हणून पीक गुडघ्याला आलं की बुंध्याशी माती ओढायची, चांगली चढवायची, दाबायची. हिला भर लावणं म्हणतात. आमच्याकडे माणसाची पारख भर पाहून होते. ज्याच्या हळदीला भर नाही तो आळशी, त्याच्या घरी मुलगीसुद्धा विचार करून देतात. मी तर भर लावण्यात नावाजलेला. मग हळदीच्या बहिणीला कसा विसरणार? श्रावणात हळदीबरोबर एक भर. आणि उन्हाळ्यात मुळं तापू नयेत म्हणून चैत्र लागता लागता दुसरी, तीही साध्या मातीची नव्हे, तलावातला गाळ आणि कुजलेलं शेणखत मिळवून. तळहातानं थापून इतकी गुळगुळीत करायचो की पाहणाऱ्याला ओटा वाटावा.

आणि मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी उभा राहायचो आणि मान वर करून शेंड्याकडे पाहायचो, फळ धरलं का म्हणून. कोणी पाहायला आलं तर त्यालाही मान वर करायला लावायचो. "तिथं," मी बोट दाखवायचो, "तिथं तुरा येईल." मला हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझं मीच ठरवलं होतं.

दुसऱ्या वर्षी लोक विचारू लागले. आमच्या बाजारात मसाल्याचं दुकान असलेले एक चाचा आहेत. माझी हळद त्यांच्याच चक्कीवर दळली जाते. त्यांनी दर आठवड्याला विचारायचा नेम धरला. "भाऊ, विलायची कवा आनता? माह्या दुकानात जागा करून ठेवली हाय." मी म्हणायचो, येईल, येईल, पहाडी झाड आहे, घाई करत नाही. दिवाळीला घरी सगळे नातेवाईक जमणार होते आणि घरच्या विलायचीचा पुलाव खाऊ घालतो, असं मी बोलून बसलो होतो. शेवटी आदल्या दिवशी चाचांच्या दुकानात गेलो, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हटलं, "मोठी विलायची द्या. शंभर ग्राम." चाचांनी एक शब्द न बोलता मोजून पुडी बांधली. तो न बोललेला शब्द मला अजून ऐकू येतो.

पुलाव झाला. माझ्या मोठ्या मेव्हण्यानं डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "घरच्या विलायचीची गोष्टच येगळी." मी मान डोलावली. बायको वाढत होती. तिनं माझ्या पानात जरा जास्तच विलायच्या टाकल्या.

नातेवाइकांशी खोटं बोलणं एक वेळ चालून जातं. तेही आपल्याशी बोलतात. पण दसऱ्याच्या सुमारास आमाचा फोन यायचा. तिच्या सुनेच्या मोबाइलवरून. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "अलैंची कैसा है?" मी म्हटलं, ठीक है. दुसऱ्या वर्षी म्हटलं, फल लगा है. पलीकडे ती इतकी खूश झाली, सुनेला काहीतरी सांगू लागली, दोघी हसल्या. तो आनंद मला भारी गोड लागला. तिसऱ्या वर्षी म्हटलं, टोकरी भरके. मला टोपली दिसतसुद्धा होती.

चौथ्या वर्षी दसऱ्याला फोन आला तेव्हा आधी सूनच बोलली. रोग आमाच्या वावरात शिरला होता. पावसाळ्यात सगळी बेटं उपटून जाळली होती. मग आमा आली. आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, ओढ्याच्या पलीकडे वरची एक पट्टी आहे, तिथं कधीच विलायची नव्हती, तिथं नव्यानं लावीन. बियांतून रोग येत नाही असं सांगतात. तेव्हा ताजी फळं पाठव, भट्टीवर न टाकलेली, दहा-पंधरा पुरतील. बी टाकून रोपं करीन. "तुम्हारा तो टोकरी भरके होता है ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "भेजता हूँ, आमा."

फोन ठेवला आणि मी सरळ चाचांच्या दुकानात गेलो. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण गेलो. डोक्यात एवढंच होतं की काहीतरी पोस्टात पडलं पाहिजे.

"मोठी विलायची पायजे," मी म्हटलं. "जाडजाड पाहून द्या. पंधरा-वीस दाने."

"पुलाव हाय?"

"नाही. बियान्यासाठी."

चाचांनी बरणीचं झाकण उघडलं होतं. हात तिथंच थांबला. "भाऊ, हे धुरात भाजेल माल हाय. हे पेरून उगन का?"

"मले नाही पेराची. पाठवाची हाय."

मग मी सगळं सांगितलं. सांगण्यासारखं दुसरं माणूसच नव्हतं, अर्धी गोष्ट त्यांना ठाऊकच होती. चाचांनी ऐकून घेतलं, बरणीला झाकण लावलं आणि बरणी परत वर ठेवली.

"तुमच्या मेव्हण्यासाठी पायजे तेवढी न्या," ते म्हणाले. "ते खाऊन मोकळे होतात. हे नाही देत. ती बुढ्ढी हे मातीत टाकन, पानी देन, रोज सकाळी जाऊन पाहन. साल जाईल तिचं. त्या उमरमधी साल लय मोठं असते, भाऊ."

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "मले त्या पुलावाच्या दिवाळीपासून मालूम हाय," ती म्हणाली. "घरची विलायची चाचाच्या पुडीत बांधून येते का? तुमच्या खिशात पुडीचा कागद होता. म्या म्हटलं, बोलन कधी तरी." मग हात पुसून उठली. "लावा फोन. चेहरा दाखवून बोला."

व्हिडिओवर आमा आली. मागं रिकामा उतार दिसत होता, नुसती काळी माती. मी म्हटलं, "आमा, फल नहीं है. कभी नहीं लगा. एक भी नहीं. मैं झूठ बोला." दोन वर्षांचं खोटं सांगायला इतका कमी वेळ लागला की मलाच कसंतरी झालं. सुनेनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आमानं सुनेच्या हातातून फोन घेऊन डोळ्यांजवळ नेला. मी मान खाली घातली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पौधा?" तिनं विचारलं. "मर गया?"

"नहीं, नहीं. पौधा है."

"दिखाओ."

बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि मागं गेली. झाड आता झाड राहिलं नव्हतं, जांभळाखाली सगळं बेटच झालं होतं. तिनं शेंड्यापासून फोन फिरवला. आमा म्हणाली, नीचे. बायकोनं खाली धरला. आमा म्हणाली, और नीचे. त्याच्याखाली माझी भर होती, गुळगुळीत थापलेली.

"ये क्या है?"

"मिट्टी," मी म्हटलं. आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, तशा वेळीसुद्धा माझ्या आवाजात तोरा आला. "मैं चढ़ाया. हर साल दो बार. खाद डालके." हातानं थापून कशी बसवायची तेही करून दाखवलं.

पलीकडे सूनबाईनं तोंडावर हात ठेवला. आमानं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं आणि मग हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. मध्येच थांबायची, माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा सुरू. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "अलैंची का फूल ऊपर नहीं आता, बेटा. नीचे आता है. मिट्टी में से."

बायकोनं फोन माझ्याकडे दिला, खुरपं आणलं आणि खाली बसून हलक्या हातानं भर खरवडायला लागली. वीतभर माती निघाली आणि बुंध्याशी एक काळी पडलेली गाठ लागली, बंद मुठीएवढी, कुजून वाळलेली. फुलोरा होता. अजून खाली गेली तर दुसरी. "हे यंदाचं," ती म्हणाली, "अन हे मागच्या सालचं." तिसऱ्याचं नुसतं भुरभुरीत पीठ झालं होतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अति तिथं माती म्हन्तात ते हेच असन."

ते झाड दर चैत्रात फुलायला निघत होतं आणि मी दर चैत्रात वरून गाळ थापत होतो. वर मान करून फळाची वाट पाहत होतो आणि पायाशी तेच गाडत होतो. खोटं बोलल्याची लाज वाटली होती, पण ही लाज वेगळी होती. त्या झाडाची माफी मागावीशी वाटली. कोणी नसतं तर मागितलीही असती.

आमा आता हसत नव्हती. तिनं पानं दाखवायला सांगितली. मी एक पान फोनसमोर धरलं. पलटा, म्हणाली. पलटलं. उजेडात धर. धरलं. दुसरं. तिसरं. प्रत्येक पानावर ती रेघा शोधत होती आणि पान निव्वळ हिरवं होतं. आठवं की नववं पान पाहिल्यावर ती सुनेला काही बोलली आणि फोनवरच्या त्या पानावरून तिनं बोट फिरवलं.

मग विचारलं, दांडे किती आहेत. बायकोनं बोट लावत मोजले. चाळीसच्या वर भरले. भर लावली की कंदाला फुटवे येतात, हळदीचं असंच असतं. फळ गाडून मी चार वर्षं नुसते फुटवेच वाढवत बसलो होतो. "फल मत भेजो," आमा म्हणाली. "बच्चा भेजो." बायको मध्येच म्हणाली, "भेजेंगे नहीं. ये खुद लेके आएँगे." माझ्याविषयी निर्णय हिंदीत झाला की तो बदलत नाही.

फुटवे लावायचे तिकडचे दिवस म्हणजे आपल्या हळद लावणीचे दिवस. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आमची हळद माझ्याशिवाय लागली. बायकोनं लावली, आणि लोक सांगतात की त्या वर्षी ओळी सरळ आल्या. मी दोन पोती ओले फुटवे घेऊन निघालो. निघताना चाचांनी एक पुडी दिली, म्हणाले, रस्त्यात खायला शेंगदाणे आहेत, घाबरू नका.

ओढ्याच्या पलीकडची पट्टी आधीच्या वावरापेक्षा उभी होती. मी खाली बसूनच काम केलं, त्यामुळे घसरलो नाही. आमा खड्डा करायची, मी फुटवा द्यायचो, ती लावायची. मुळं झाकतील एवढीच माती, आणि बुंधा उघडा. तीनचार झाल्यावर तिनं एक मला लावू दिला. मी लावला. चांगला लावला. आणि मग माझ्या दोन्ही हातांनी आपणहून आजूबाजूची माती ओढली आणि बुंध्याशी चढवायला घेतली.

आमानं माझ्या हातावर सणसणीत चापट मारली. माझं वय बावन्न आहे. माझी आई गेल्यापासून मला कोणी मारलं नव्हतं. सून हसत सुटली, मीही हसलो, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मी फक्त फुटवे देत राहिलो.

उरलेल्या दोनचार दांड्यांचं एक बेट नव्यानं लावून घरीच ठेवलं आहे. तसं तिनंच सांगितलं होतं, एक उधर भी रहे. यंदाच्या चैत्रात मी भर लावली नाही. बायकोनं फावडं लपवून ठेवलं होतं, पण ती खबरदारी होती. सगळी वर्षं जे गाडलं त्याच्या बदल्यात झाड लगेच फुलेल असं मला आतून वाटत होतं. वैशाख आला तरी बुंध्याशी काही नव्हतं.

परवा फोन आला. आमानंच विचारलं, "फूल आया?"

जिभेवर टोपली आली होती. मी ती गिळली आणि म्हटलं, "नहीं आया, आमा."

"हमारा भी नहीं," ती म्हणाली. "तीन साल लगेगा." तीन वर्षं हे शब्द तिनं अगदी सहज उच्चारले. ती आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे. मग म्हणाली, अगले साल फिर पूछेगा, आणि फोन ठेवला.

मी मागं जाऊन बेटापाशी बसलो. मान खाली घालून बुंध्याकडे पाहत राहिलो. माती थोडी विस्कटलेली होती, सारखी करावी असं फार वाटत होतं. दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तसाच बसून राहिलो.